अकराशे सतरा मापं

“काका, हे आतून टकटक कसलं हो येतंय?” मापवाल्या ताईंनी दारातूनच विचारलं. हातांवर प्लॅस्टर वाळलेलं होतं, म्हणून दार खांद्यानं ढकलून त्या आत आल्या.

“वाजू दे. आपली हाडं नाही का वाजत?” फ्लॉपीकाका म्हणाले आणि स्वतःच हसले. कॉम्प्युटरचं झाकण काढून त्यांनी कान जवळजवळ आतच घातला होता. वरचा पडदा काळा होता आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच ओळ होती: सिस्टीम सापडत नाही, सिस्टीमची डिस्क घाला.

काका हसले खरे, पण कान त्यांनी आतून काढला नाही. ही टकटक त्यांच्या ओळखीची होती. डिस्क शेवटचे दिवस मोजायला लागली की अशी वाजते. अशा वेळी आधी काय करायचं आणि नंतर काय, हे झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं असतं. म्हणजे दोन वर्षांपूर्वी सांगितलं असतं. हल्ली झोपेतून उठल्यावर आपण कोणत्या खोलीत आहोत हेच कळायला त्यांना क्षणभर लागायचं.

रुग्णालयाच्या मागच्या अंगाला, धुलाईखान्याला लागून, कृत्रिम पाय बनवण्याची ही कार्यशाळा होती. दोन खोल्या आणि एक पडवी. एका खोलीत प्लॅस्टर, फोम आणि घासायची यंत्रं. दुसरीत हा कॉम्प्युटर आणि त्याला जोडलेलं कोरणीचं यंत्र. उरलेला पाय ज्यात बसतो त्या भागाला इथे सगळे वाटी म्हणत. कॉम्प्युटरमधलं माप घेऊन हे यंत्र फोमचा ठोकळा कोरायचं आणि त्या ठोकळ्यावर वाटी बनायची. यंत्र बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती. तिचा प्रोग्राम जुन्या सिस्टीमवरच चालायचा, नव्या कॉम्प्युटरकडे तो ढुंकूनही बघत नसे. रुग्णालयाच्या संगणक विभागातल्या मुलांनी एकदा येऊन सगळं पाहिलं, फ्लॉपीचा फोटो काढला आणि हात जोडून परत गेली.

म्हणून काका. वय एकसष्ट. तीस वर्षं त्यांनी या रुग्णालयातले कॉम्प्युटर सांभाळले होते आणि निवृत्त झाल्यावरही जुनं काही अडलं की घोडं त्यांच्यापाशीच येऊन थांबायचं. सदऱ्याच्या खिशात कायम एक फ्लॉपी असायची, त्यावरून नाव पडलं. लोक थट्टा करत, पण ती फ्लॉपी घातली की मेलेला कॉम्प्युटर डोळे उघडतो, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. काकांनी कधी काही लिहून ठेवलं नाही. “कागद हरवतो, डोकं खांद्यावरच राहतं,” असं ते ऐटीत म्हणायचे.

“मापं तर शाबूत आहेत ना?” ताईंनी विचारलं. हात धुण्याऐवजी त्या तशाच उभ्या होत्या.

“आहेत हो. सिस्टीम बिघडली की फाइली थोड्याच जातात? आधी सगळी मापं दुसऱ्या डिस्कवर घेऊ. मग नवी डिस्क मिळेपर्यंत हीच पुसायची, नवीन सिस्टीम टाकायची आणि मापं परत आणायची. दुपारपर्यंत तुमचं यंत्र सुरू.”

“अकराशे सतरा आहेत. कालच आकडा बघितला होता मी. अकराशे सतरा माणसं, काका.” ताईंनी पडवीकडे मान केली. “बाहेर बेकरीवाल्या बाई येऊन बसल्यात. त्यांची वाटी तडकलीय. चिकटपट्ट्या गुंडाळून तीन दिवस उभ्या राहिल्या बिचाऱ्या. त्यांचं माप आहे म्हणून म्हटलं, या आजच, संध्याकाळी नवीन घेऊनच जा.”

काकांनी पडवीत नजर टाकली. चाळिशीतली एक धिप्पाड बाई बाकावर बसली होती. डावा पाय समोर लांब केलेला, गुडघ्याच्या खाली तपकिरी चिकटपट्टीचे वेढे. तिनं काकांकडे पाहून मान हलवली. डॉक्टरकडे पाहून हलवतात तशी.

पाय एका दिवसात बनतो, पण अंगाला बसायला महिने लागतात, हे काकांना ताईंकडूनच कळलं होतं. एका जागी दोन मिलिमीटर जास्त, दुसऱ्या जागी हाडावर दाब येतो म्हणून जरा खोल. मग फोड येतो, फोड फुटतो, जखम भरेपर्यंत थांबायचं, पुन्हा घासायचं, पुन्हा चालून बघायचं. असं करता करता एक दिवस माणूस सांगतो की आता दुखत नाही. त्या दिवशीचं माप कॉम्प्युटरमध्ये जाऊन बसतं. बेकरीवाल्या बाईंना तो दिवस यायला सात महिने लागले होते. अकराशे सतरा जणांचे असे महिने त्या वाजणाऱ्या डिस्कमध्ये होते.

“तुम्ही तुमचं काम करा ताई,” काका म्हणाले. “कुणी मागे उभं राहिलं की माझा हात चालत नाही.”

हे खोटं होतं. पूर्वी मागे दहा जण उभे राहिले तरी त्यांचा हात चालायचा, उलट जास्तच चालायचा. आता त्यांना भीती वाटायची की कुणाला तरी दिसेल.

काय दिसेल, हे फक्त दोघांना ठाऊक होतं. एक ते स्वतः आणि दुसरी त्यांची सात वर्षांची नात. दोन महिन्यांपूर्वी ते तिला शाळेत सोडायला निघाले. गप्पा मारत, तिचं दप्तर खांद्याला लावून, नेहमीच्या वळणावर न वळता सरळ गेले आणि एका गंजलेल्या फाटकासमोर उभे राहिले. त्यांची मुलगी लहानपणी ज्या शाळेत जायची ती ही शाळा. ती बंद पडूनही दहा वर्षं झाली होती. काका फाटक हलवत राहिले. घंटा झाली असेल, शिपाई कुठे गेला, असं पुटपुटत राहिले. मग नातीनं त्यांचं बोट धरलं आणि म्हणाली, “आजोबा, ही आईची शाळा आहे. माझी तिकडे.” परत येताना तिनं विचारलं होतं, “हे आपण कुणाला सांगायचं नाही ना?” काका म्हणाले, नाही. त्या पोरीनं शब्द पाळला आणि त्याचीच त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटायची.

बायकोला संशय होताच. चष्मा धान्याच्या डब्यात, दूध कपाटात, असं चाललं होतं. “एकदा डॉक्टरांना दाखवून येऊ,” ती म्हणायची. “एवढ्या मोठ्या रुग्णालयात रोज जाता, एक दार ठोठावायला काय होतं?” काका विषय बदलायचे. ते दार एकदा ठोठावलं की मग आपल्या हातात कुणी काही देणार नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

त्यांनी खिशातली फ्लॉपी काढली आणि फटीत सारली. खरखर आवाज झाला. तो आवाज ऐकून मात्र त्यांना बरं वाटलं. काळ्या पडद्यावर अक्षरं भराभर आली आणि शेवटी ए हे अक्षर आणि त्याच्यापुढे लुकलुकणारी आडवी रेघ उरली. पुढे काय हवंय, सांगा, असं ती रेघ विचारते. तीस वर्षं त्यांनी तिला उत्तर दिलं होतं.

बोटांना सगळं येत होतं, तीच तेवढी कृपा होती. बोटांनी मापांचा कप्पा उघडून पाहिला. फाइली होत्या. प्रत्येकीपुढे तारीख एकच: एक जानेवारी ऐंशी. या कॉम्प्युटरची घड्याळाची छोटी बॅटरी केव्हाच मेली होती. बंद करून सुरू केला की तो दर वेळी ऐंशी सालात जागा व्हायचा. ती बॅटरी बदलून घ्या म्हणून ताई दोनतीनदा मागे लागल्या होत्या. “पायाला तारीख कशाला हवी? माप बरोबर आहे ना?” असं म्हणून काकांनीच ते टोलवलं होतं.

त्यांनी कॉम्प्युटर बंद केला, कपाटातली दुसरी डिस्क आणून पट्टीची तार जोडली, पुन्हा सुरू केला. दुसरी डिस्क डी नावानं ओळखली गेली. आता कॉपीची आज्ञा. हात कळांवर गेले आणि भिंतीवरचा फोन वाजला.

“काका, कसं चाललंय?” मुख्य इमारतीतले साहेब होते. सगळी यंत्रसामग्री त्यांच्या अखत्यारीत येई.

“मस्त. दुपारी सुरू होईल.”

“वा! तुमच्या जिवावर आम्ही निर्धास्त. बरं ऐका, रक्तपेढीत एक तसलंच जुनं खोकं बंद पडलंय. दुर्मिळ गटाच्या रक्तदात्यांची सगळी यादी त्यात आहे. दुसरीकडे कुठे ती नाहीच म्हणे. सोमवारी बघाल ना?”

“बघतो की.”

“दहाला या मग. आणि काका, तब्येतीला जपा, तुम्ही आजारी पडलात तर आम्ही कुठे जायचं?” साहेब हसले. काकाही हसले.

फोन ठेवून ते वळले आणि जागच्या जागी थबकले. कॉम्प्युटर चालू होता. झाकण उघडं होतं. डिस्क वाजत होती, टक, टक. पडद्यावर रेघ लुकलुकत होती आणि ए या अक्षराखेरीज दुसरं काही नव्हतं.

कॉपी झाली होती की व्हायची होती?

त्यांनी डोळे मिटले. फाइलींची नावं पडद्यावरून वर सरकताना त्यांना स्पष्ट दिसत होती. एकामागून एक, न थांबता, आणि शेवटी एवढ्या फाइली कॉपी झाल्या म्हणून ओळ. खुर्चीत मागे रेलून ते ती नावं बघत होते. खिडकीतून ऊन येत होतं. इतकं स्पष्ट दिसतंय म्हणजे झालंच असणार. नाही का? जे घडलंच नाही ते कुणाला दिसेल कसं?

तरी खात्री वाटेना. घोटभर पाणी पिऊन ते खुर्चीत बसले. उगाच घाबरायचं नाही, त्यांनी स्वतःला बजावलं, बघून घ्यायचं. डी उघडलं. मापांचा कप्पा तिथे होता. आत फाइली होत्या, एकीखाली एक, एक जानेवारी ऐंशी, एक जानेवारी ऐंशी. यादी धावत धावत संपली आणि खाली आकडा आला: एक हजार त्रेचाळीस.

काकांनी सुटकेचा श्वास सोडला. कॉपी झालेली होती. आपण उगीच जिवाला घोर लावून घेतो.

पण तो आकडा डोळ्यांसमोरून हलेना. हजार त्रेचाळीस. सकाळी कुणीतरी एक आकडा सांगितला होता. ताईंनी की साहेबांनी? सोमवारी दहा, तो वेगळा. हजाराच्या वर होता एवढं नक्की. हजार त्रेचाळीस हजाराच्या वरच आहे की! ताईंना हाक मारून विचारावं, असं मनात येऊन गेलं. दार चार पावलांवर होतं. पलीकडे घासायचं यंत्र घरघरत होतं. हाक मारली तर ताई येतील, म्हणतील, अहो काका, मघाशीच तर सांगितलं. आणि मग त्या बघतील. नुसतं बघतील. त्या बघण्याचीच त्यांना भीती होती.

जुन्या डिस्कवरचा आकडाही बघता आला असता. एक ओळ टंकायची होती. पण ती डिस्क आता अशी वाजत होती की तिला हात लावायचाही त्यांना धीर होईना. त्यात एकदा झालेली गोष्ट पुन्हा पुन्हा तपासायची, हे म्हाताऱ्यांचं लक्षण आहे, असं त्यांनीच इतरांना हसून सांगितलं होतं.

त्यांनी पुसण्याची आज्ञा दिली. पडद्यावर इशारा आला: या डिस्कवरचं सगळं नाहीसं होईल. पुढे जायचं? हो असेल तर वाय, नसेल तर एन.

काकांचं बोट वायवर होतं. काका त्याच्याकडे दुसऱ्याच कुणाचं असावं तसं पाहत होते. पडवीतून बेकरीवाल्या बाईचा खोकल्याचा आवाज आला. उसनं अवसान आणून त्यांनी कळ दाबली.

एक टक्का. दोन टक्के. तीन.

शंभर टक्के व्हायला बराच वेळ लागला. तेवढ्यात काकांनी दोनदा घड्याळ बघितलं आणि दोन्ही वेळा किती वाजले ते लगेच विसरले. जुन्या डिस्कनं मान टाकली नाही, एवढं नशीब. मग सिस्टीमची सीडी घातली. निळा पडदा आला, प्रश्न आले, काकांनी उत्तरं दिली. एरवी या वेळी ते पडवीत येऊन चहा घ्यायचे आणि जुन्या गोष्टी सांगायचे. आज मात्र खुर्ची सोडवेना. उठलो तर परत आल्यावर कुठे होतो ते सापडणार नाही, असं वाटत राहिलं.

एक वाजून गेल्यावर नवी सिस्टीम उभी राहिली. कोरणीच्या यंत्राचा प्रोग्राम टाकला, डीवरची मापं परत आणली. यंत्राचा हिरवा दिवा लागला तेव्हा काकांना रडूच यायचं बाकी होतं. झालं होतं. अजून जमतं आपल्याला.

“ताई! या, बघा तुमचं दुकान!”

ताई हात पुसत आल्या. “काय काका, जादूगार आहात तुम्ही.” खुर्ची ओढून त्या बसल्या आणि त्यांनी बेकरीवाल्या बाईंचा क्रमांक टंकला. मग पुन्हा टंकला. मग यादी उघडून तिच्या तळाशी गेल्या आणि तिथेच थांबल्या.

“काका, ही यादी हजार त्रेचाळीसला संपतेय.”

“हो. तेवढ्याच होत्या ना?”

ताईंनी वळून पाहिलं. सकाळी नको वाटलेलं ते बघणं आता समोर होतं. “अकराशे सतरा होत्या. सकाळी मी सांगितलं होतं तुम्हाला.”

काकांनी खिडकीकडे पाहिलं. खिडकी उघडी बोडकी होती. तिच्यातून ऊन येत होतं आणि थेट कॉम्प्युटरच्या पडद्यावर पडत होतं. पण मघाशी डोळे मिटल्यावर जे दिसलं होतं, फाइलींची वर सरकणारी नावं आणि खुर्चीत रेललेले ते स्वतः, त्यात खिडकीला पिवळा पडदा होता. ऊन पिवळं होऊन येत होतं.

“इथे पिवळा पडदा होता ना?” त्यांनी विचारलं.

“होता की. गेल्या वर्षी काढला, प्लॅस्टरनं कडक व्हायचा. पण त्याचं आत्ता काय?”

त्याचं आत्ता बरंच काही होतं. जे दिसलं ते खरं होतं, घडलं होतं, पण दोन वर्षांपूर्वी. तेव्हा त्यांनी मापं उतरवून घेतली होती, हजार त्रेचाळीस, आणि ती डिस्क कपाटात ठेवली होती. आज त्यांनी काहीच उतरवून घेतलं नव्हतं. आज फोन आला होता. तारखा असत्या तर शेवटची फाइल कधीची ते एका नजरेत कळलं असतं. पण इथे सगळंच एक जानेवारी ऐंशीचं होतं आणि तेही त्यांच्याच कृपेनं. पुसलेल्यातून एखादी फाइल ओढून काढता आलीही असती, पण तिच्यावर नवी सिस्टीम पसरली होती, ती त्यांनीच पसरली होती.

चौऱ्याहत्तर माणसं. गेल्या दोन वर्षांत आलेली चौऱ्याहत्तर माणसं त्यांनी एका कळीसरशी पुसली होती.

ताईंनाही आता कळलं असावं. त्या खुर्चीत मागे टेकल्या. मग त्यांनी दार नीट लोटून घेतलं आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, “काका, डिस्क वाजत होती. मीच ऐकलंय. डिस्क गेली म्हणून सांगू. जुनीच तर होती, कुणाला नवल वाटणार नाही. तुम्ही इतकी वर्षं केलंत, एका दिवसासाठी कशाला...”

काका स्टुलावर बसले. ताई बोलत होत्या ते किती सोपं होतं. डिस्क खरंच वाजत होती. निम्मं तर खरंच होतं. कुणाची नोकरी जाणार नव्हती, कुणी चौकशी लावणार नव्हतं. सगळे म्हणाले असते, काकांनी निदान हजार मापं तरी वाचवली. कौतुकच झालं असतं.

आणि सोमवारी दहा वाजता ते रक्तपेढीत बसले असते. समोर तीच काळी पाटी, तोच प्रश्न, आणि वायवर हेच बोट.

भिंतीवरचा फोन वाजला. दोघंही दचकले. ताई उठल्या, पण काकांनी हात केला आणि स्वतः गेले. जाताना त्यांनी भिंतीचा आधार घेतला.

“काय काका, उडालं का विमान?” साहेब खुशीत होते.

“साहेब, चौऱ्याहत्तर मापं गेली.”

“अरेरे. डिस्क गेली का?”

काकांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. “डिस्क नाही गेली. मी पुसली. कॉपी करायची राहिली होती आणि मला वाटलं केली. मला विसरायला होतं साहेब. आजचं नाही, बरेच दिवस झाले. मी कुणाला सांगितलं नव्हतं.”

साहेब सावकाश म्हणाले, “अहो काका, या वयात सगळ्यांचंच होतं हो थोडंफार...”

“तसं नाही. मी परवा नातीला बंद पडलेल्या शाळेत घेऊन गेलो होतो.” परवा नाही, दोन महिन्यांपूर्वी, हे त्यांच्या लक्षात आलं, पण त्यांनी ते दुरुस्त केलं नाही. “रक्तपेढीसाठी संगणक विभागातलं कुणीतरी बसवा. मी शेजारी बसून सांगेन. माझं चुकलं तर त्यानं मला विचारायचं. पण कळ मी दाबणार नाही.”

साहेब आणखी काही बोलले, चांगलंच बोलले असावेत, पण काकांच्या डोक्यात ते शिरलं नाही. फोन ठेवला तेव्हा त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. ताई खाली मान घालून बसल्या होत्या.

“बाहेर मी सांगतो,” काका म्हणाले.

“मी येते सोबत.”

बेकरीवाली बाई त्यांना येताना पाहून उठायला लागली. “झाली का हो वाटी?”

“बसा,” काका म्हणाले. स्वतः मात्र उभेच राहिले. “तुमचं माप माझ्या हातून पुसलं गेलं. चूक यंत्राची नाही, माझी आहे. परत मिळणार नाही.”

बाईनं आधी ताईंकडे पाहिलं, थट्टा चाललीय का म्हणून. मग तिचा चेहरा उतरला आणि लाल झाला. “सात महिने,” ती म्हणाली. “ताई, तुम्हाला माहितीय. सात महिने मी भट्टीपुढे उभं राहून घरी जायचे आणि मोजा काढला की रक्त. माझ्या लेकीनं ते मोजे धुतलेत. आणि हे म्हणतात पुसलं गेलं! फळा आहे का तो?”

ताई मध्ये काही बोलायला गेल्या. काकांनी मान हलवून त्यांना थांबवलं. बाई बोलत राहिली. मालक दुसरी बाई ठेवेल, म्हणाली. इतकं महत्त्वाचं काम म्हाताऱ्या माणसाच्या हातात देतातच कशाला, म्हणाली. काकांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना पळून जावंसं वाटत होतं, धुलाईखान्यात, घरी, कुठेही. ते उभे राहिले.

शेवटी ती थकली. पदरानं तिनं तोंड पुसलं, खाली वाकून चिकटपट्टी टराटरा उकलली, तडकलेला पाय काढून बाजूला टेकवला आणि उरलेला पाय समोरच्या स्टुलावर ठेवला. गुडघ्याखाली वीतभर उरलेला, टोकाशी गुळगुळीत झालेला, जुन्या फोडांच्या काळपट खुणा असलेला.

“घ्या मग,” ती कुणाकडेच न बघता म्हणाली. “आजपासूनच सुरू करा. दिवस कशाला घालवायचे?”

ताई टेप घेऊन खाली बसल्या. लिहायला कुणी नव्हतं. काकांनी खिडकीतली वही आणि पेन्सिल उचलली आणि ते त्यांच्याजवळ जमिनीवर बसले. पानाच्या वर त्यांनी आधी तारीख लिहिली. ती त्यांना ताईंना विचारावी लागली.

“गुडघ्याखाली, पहिला घेर,” ताई म्हणाल्या. “तेहतीस पूर्णांक चार.”

काकांनी लिहिलं.

“तीन सेंटिमीटर खाली. बत्तीस पूर्णांक एक. आणखी तीन खाली, तीस पूर्णांक सहा.”

पेन्सिल थांबली. वहीत पहिला आकडा होता. दुसऱ्याच्या जागी काय लिहायचं ते काकांच्या डोक्यातून एवढ्यात निसटलं होतं. बाई वरून त्यांच्याकडे बघत होती.

“दुसरा काय म्हणालात?” काकांनी विचारलं. “मला राहिला नाही. पुन्हा सांगा.”

ताईंनी टेप पुन्हा वर सरकवला, नीट बसवला आणि आकडा पुन्हा सांगितला.